बाबांचा रग

मी एक जुना लोकरी रग बोलतोय. माझं बोलणं ज्यानं लिहून घेतलं, त्यानं शाळा लवकर सोडलीय. शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत, पण खोटे नाहीत.

माझे धनी रखवालदार होते. कामावर मी त्यांच्या खांद्यावर असायचो, घरी त्यांच्या अंगावर. माझ्या पायथ्याच्या टोकावर त्यांची कुत्री झोपायची, ठमी. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला घडी घालून, डांबरगोळ्या टाकून ट्रंकेत ठेवलं. धुतलंसुद्धा नाही.

ट्रंकेत अंधार असतो, पण ऐकू सगळं येतं. घरात आता मायलेकच उरले होते. मुलगा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. दोघंही मुखदुर्बळ. एकमेकांशी बोलायचे ते ठमीमार्फत.

"ठमे, तुझ्या दादाला सांग, जेवण गार होतंय."

"ठमे, आईला सांग, आलोच."

मग ठमी स्वयंपाकघराकडे फिरकेनाशी झाली. बाहेरच्या खोलीत पायपुसण्यावर पडून राहायची. "महाराणींना ताट जागेवर लागतं हल्ली," आई म्हणायची. हळूहळू निरोपही थांबले. घर इतकं गप्प झालं, की ट्रंकेत आणि बाहेर काही फरक उरला नाही.

एकदा मुलानं ठमीला उचलून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत येऊन आईला म्हणाला, "ती रुसली नाहीये. सांधे दुखतात तिचे. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, म्हणून घाबरते. औषध दिलंय, वजन उतरवायला सांगितलंय. आणि तिच्या वाटेवर काहीतरी खरखरीत अंथरा म्हणाल्या."

त्यानं गोणपाट अंथरून पाहिलं. गोणपाट ठमीसकट घसरलं. मग तो ट्रंकेजवळ आला. "बाबांचा रग जाड आहे. पट्ट्या कापतो, खालून रबर शिवतो."

"कात्री लावून तर बघ!" आई म्हणाली. "त्यांचा वास आहे त्याला."

संध्याकाळी जुन्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "ठमे, सांग गं दादाला..." बाहेर ठमी उठायला गेली. चार पाय चार दिशांना गेले. ती कण्हली आणि तशीच पडून राहिली.

आईनं ट्रंक उघडली. मला नाकाशी धरलं. बराच वेळ.

"नुसत्या डांबरगोळ्याच रे," ती म्हणाली, आणि कात्री तिनंच पुढे केली.

आता मला घडी नाही. बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत मी तुकड्यातुकड्यांनी पडलोय. एक तुकडा उरला, तो ट्रंकेत एकटाच आहे. त्याची आठवण येते. तुमच्या घरचं म्हातारं जनावर हाकेला आलं नाही, तर रागावण्याआधी त्याच्या पायाखाली बघा. एवढंच माझं मागणं.

पट्ट्या अंथरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी एकेक पाऊल चाचपत माझ्यावरून चालत गेली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टेकली.

"ठमे, दादाला सांग, चहा झालाय."

पण ठमी दमली होती. तिथेच डोळे मिटून पडली. मुलानं जरा वाट पाहिली. मग तो स्वतःच उठला, अनवाणी माझ्यावरून चालत आला, तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, दे."