झाडलोटीची पुडी

चंदनबाला बाईंचं संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं. जैनाघरचा तो नेम. हात धुऊन त्या ओट्यावर चटई अंथरतात, तेव्हा ऊन समोरच्या द्राक्षबागेच्या तारांवर रेंगाळत असतं आणि पोरं एकेक करून यायला लागतात. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी पलूसजवळच्या या गावात नववी-दहावीचं पोर गणितात अडलं की अजून त्यांचाच ओटा गाठतं.

त्या शुक्रवारी मात्र पोरांच्या आधी रंगूबाई आली. ओट्यावर शिकायला येणाऱ्या शिवांजलीची ही चुलती. ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "आवं बाई, आमच्या पोरीची वाट नका बघू. भावजींना फोन केलाय. रविवारी येऊन घेऊन जात्याल."

"कुठं घेऊन जातील? आणि शाळा?"

"कसली शाळा! तिकडं तमिळनाडूत आता मधीच कोन घेतंय तिला? दुकानात बसंल बापाजवळ. फुडचं फुडं."

शिवांजलीचे वडील भाऊसो गलाईच्या धंद्यात होते. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं हे काम. त्यापायी या भागातली माणसं देशभर पांगली आहेत. भाऊसो पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे गेले, शिवांजली तिथंच जन्मली, तिथंच वाढली. पोरीला आपली भाषा, आपलं गाव कळावं म्हणून यंदा जूनमध्ये त्यांनी तिला नववीला गावी पाठवलं होतं.

"पण झालं काय एवढं?"

रंगूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "तिच्या दप्तरात मातीची पुडी घावली. वर्गातली झाडलेली माती, वहीच्या कागदात बांधून ठेवलेली. पोरं म्हनत्यात करनी करती. आयांनी आपापल्या पोरींना सांगितलंय, तिच्याजवळ बसू नका. चार दिस झालं, अंथरुनातनं उठंना ती."

"पुडी कशाला बांधली होती?"

"तेच तर सांगंना. मला काय ठावं? माझा जलम गेला हितं उसात. भावजींचं दुकान मी कवा बघितलंय?"

रंगूबाई गेली आणि बाई तशाच बसून राहिल्या. शिवांजली पहिल्यांदा ओट्यावर आली तो दिवस त्यांना आठवला. पोरगी मराठी बोलायची, पण ती होती भाऊसोंनी पंचवीस वर्षांपूर्वी सोबत नेलेली मराठी. "वाईच थांबा", "माळवं आनलं", "सांच्याला येती". गावानं टाकून दिलेले ते शब्द चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकताना बाईंना आपली मामी समोर बसल्यासारखी वाटली होती. पोरांना मात्र हसू यायचं. "ए म्हातारे," अशी हाक मारायची तिला.

बाईंनी तेव्हाच एक चूक केली होती, आणि ती आता त्यांना टोचत होती. शिवांजलीच्या सोबतीला म्हणून त्यांनी राजनंदिनीला बसवलं. फौजी बापाची लेक, वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखं. राजनंदिनीनं काम मनापासून केलं. शिवांजलीचं वाक्य संपायच्या आत ती म्हणायची, "असं नाही, असं म्हण." महिन्याभरात शिवांजलीनं वाक्यंच सोडली. मान हलवून भागवायला लागली. चाळीस वर्षं मास्तरकी करून आपण तिच्यावर आणखी एक मास्तरीण बसवली, हे बाईंना उमगायला एवढा उशीर झाला होता.

आणि हे त्यांना तरी कुणी सांगायला हवं होतं? आई गेल्यावर तेराव्या वर्षी त्या स्वतः अथणीकडून इथं मामांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांच्या तोंडात नुसती कानडी होती. मामींनी शब्द शिकवले, गुरुजींनी पाढे शिकवले. तरी वर्षभर त्या मुक्याच होत्या. शिवाय दिवस बुडायच्या आत जेवायचं, त्यामुळं पोरी अंगणात खेळत असताना ही एकटी पायरीवर ताट घेऊन. पोरी म्हणायच्या, "कोंबडी आली का खुराड्यात?"

मग एके दिवशी बनी येऊन शेजारी बसली. तिची माणसं माणदेशातून मेंढरं घेऊन आलेली आणि इथंच राहिलेली. तिच्या बोलण्यालाही गाव हसायचं. बनीनं फडक्यातली भाकरी सोडली आणि म्हणाली, "मला बी भूक लागलीय." दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. मेंढरं कोंडून, पळत, दिवस असेतोवर. बाईंना तेव्हा सगळे चंदू म्हणायचे. बनीनं चंदूला एक शब्द शिकवला नाही. कधी चुकलीस म्हणाली नाही. पावसाळा सरला तेव्हा चंदू घडाघडा मराठी बोलत होती, तीही बनीच्या माणदेशी हेलात, आणि मामींनी कपाळाला हात लावला होता. बनीची पुढं बनुबाई झाली; ती जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्यासारखं जेवायला शेजारी पुन्हा कुणी बसलं नाही.

पोरं आली. त्रिकोणमितीची वही उघडायच्या आधी बाईंनीच विषय काढला.

"शिवांजली का येत नाही?"

राजनंदिनी म्हणाली, "बाई, तिच्या दप्तरात पुडी होती. मी बघितली. आई म्हणते, असल्या गोष्टींची टिंगल करायची नसते."

"विचारलंस तिला, कशाची आहे म्हणून?"

"विचारलं. ती म्हणाली, सवय."

कुणीतरी फिसकलं. वीरधवल हसला नाही. कबड्डीच्या संघाचा हा कप्तान एरवी सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. आज तो पेन्सिलीचं टोक चटईत खुपसत बसला होता. बाईंनी ते पाहिलं आणि गणिताकडे वळल्या.

पोरं उठली तसा वीरधवल चपला शोधत मागं रेंगाळला. चपला त्याच्या पायातच होत्या.

"बस की," बाई म्हणाल्या.

"मला म्हाईत हाय ती पुडी," तो खाली बघून म्हणाला. "आमचं बी दुकान होतं आसामात. सोनाराच्या, गलाईवाल्याच्या दुकानातली धूळ कोन टाकत न्हाई, बाई. तिच्यात सोन्याचा कीस असतो. रोज झाडायचं, पुडी बांधायची, डब्यात टाकायची. महिन्यानं धुवायची, जाळायची, गाळायची. आमी भनभावंडं आधी झाडू धराय शिकलो, मग पेन्सिल. तिनं वर्ग झाडला आन् हातानं आपोआप पुडी बांधली आसंल. हितं डबा कुठाय? म्हनून दप्तरात."

"मग तू हे वर्गात का नाही बोललास?"

त्यानं पेन्सिल खिशात घातली, परत काढली. बाई चटई गुंडाळायला लागल्या. त्यांना घाई नव्हती.

"दोन वर्सामागं आलो तवा मला 'आसामी' म्हनायची पोरं," तो शेवटी म्हणाला. "एक वरीस गेलं ते पुसायला. आता कुनाच्या ध्यानात बी न्हाई. बोललो तर परत सुरू व्हईल."

"होईल," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

त्यांनी त्याला जा म्हटलं नाही, बोल म्हटलं नाही. बनीची गोष्ट तेवढी सांगितली. वीरधवल ऐकून घेऊन निघून गेला.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी बाई रंगूबाईच्या घरी निघाल्या होत्या, तो वाटेतच पाच-सहा पोरांचं टोळकं भेटलं. पुढं वीरधवल, कानशिलं लाल. त्याच्या मुठीत कागदाची पुडी.

राजनंदिनी धापा टाकत सांगू लागली, "बाई, ह्यानं आज सगळ्यांसमोर वर्ग झाडला. ह्याची पाळी नसताना. आणि पुडी बांधून खिशात घातली. म्हणाला, आता मला पण म्हणा करणीवाला."

"मग?"

"मग काय, म्हणाले की. 'आसामी बाबा' म्हणाले. हा म्हणाला, व्हय, आसामीच हाय. मग सगळं सांगितलं." ती थांबली. "बाई, मी तिला नीट विचारलंच नव्हतं."

रंगूबाईच्या सोप्यात शिवांजली भिंतीकडे तोंड करून पडली होती. वीरधवलनं पुडी तिच्या उशाशी ठेवली.

"ए, उठ. धुवून दाव. मी इसरलोय."

ती कुशीवर वळली. पुडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "तुमी कुठलं?"

"आसाम. तू?"

"तमिळनाडू." मग पुडी हातात घेऊन तिनं विचारलं, "तुमच्यात डबा कसला हुता?"

"बिस्किटाचा. पत्र्याचा."

"आमच्यात तुपाचा," ती म्हणाली आणि उठून बसली.

रंगूबाईनं परात आणून दिली. अंगणात बसून शिवांजलीनं धूळ परातीत ओतली, पाणी घातलं आणि दोन्ही हातांनी परात अशी काही फिरवली, की पोरांची बडबडच थांबली. पाणी गोल फिरत होतं, हलकं ते कडेनं सांडत होतं, जड ते तळाला बसत होतं. तिचे हात अजिबात चुकत नव्हते. राजनंदिनी उकिडवी बसून बघत होती आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी तळाला राहिली खडूची भुकटी, कर्कटकाचा एक मोडका स्क्रू आणि वाळूचे चार खडे.

"नववी ब मधी सोनं न्हाई," शिवांजलीनं निकाल दिला.

"अ मधी बघू की सोमवारी," वीरधवल म्हणाला.

"मला दे ना," राजनंदिनी हात पुढं करून म्हणाली. परात तिच्या हातात आली तशी वाकडी झाली आणि सगळं पाणी तिच्याच मांडीवर. पोरं खिदळली. शिवांजली तिच्या मागं बसली, तिची मनगटं धरली. "आसं न्हाई. वाईच हलकं धर," ती म्हणाली. राजनंदिनीनं मनगटं सैल सोडली. सांगितलं तसं धरलं.

दारात उभ्या बाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनाही ते बरं वाटलं. चपला न वाजवता त्या घरी परतल्या.

रविवारी सकाळी भाऊसो आले. रात्रभर प्रवास केलेला माणूस, डोळे सुजलेले, हातात पोरीचे कपडे भरायला रिकामी बॅग. सरळ बाईंच्या ओट्यावर आले, कारण पोरगी तिथं आहे असं रंगूबाईनं सांगितलं होतं. ओट्यावर पोरं दाटीवाटीनं बसली होती. शिवांजली वीरधवल आणि राजनंदिनीच्या मध्ये, वहीत मान घालून.

"शिवा, आवर. परतीची गाडी चारची हाय," भाऊसो म्हणाले.

तिनं मान वर केली. बाईंना वाटलं, आता ही उठणार. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"आप्पा, उद्या चाचनी हाय," शिवांजली म्हणाली. "तुमी काकूकडं जाऊन च्या घ्या. आमचं आजून व्हायचंय."

भाऊसोंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बाई, तुमी समजावलं व्हय हिला?"

"मी नाही," बाई म्हणाल्या.

 भाऊसो बॅग भिंतीला टेकवून पायरीवर बसले. वर ओट्यावर पोरं कुठल्याशा उत्तरावरून भांडायला लागली होती आणि त्यात शिवांजलीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.