चार दंड

आमच्या लग्नपत्रिकेत माझं नाव ‘चंद्रीका’ असं दीर्घ छापलं होतं. प्रूफ तपासलं होतं खुद्द नवरदेवानं, म्हणजे मराठीच्या मास्तरानं. तेव्हापासून छापील अक्षराकडे मी जरा संशयानंच बघते. पुढे पोटासाठीही तेच काम धरलं. सोलापुरातल्या एका प्रेसमध्ये मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते.

पत्रिका जुळवायचं आमचं सॉफ्टवेअर फुकटातलं आहे. जगभरातली माणसं हौसेनं ते बनवतात आणि ते कसं वापरायचं याची पुस्तिकाही इंटरनेटवर तेच लिहितात. मराठीत ती नव्हती. निवृत्त झाल्यावर आमचे हे, शिवयोगी सर, माझ्या फोडणीत चुका काढायला लागले, तेव्हा मीच त्यांना भाषांतराला जुंपलं. माणूस असा रमला की जेवायला हाका माराव्या लागायच्या. शाळा सुटल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, आणि आता बागेतल्या मित्रांना ते रोज सांगायचे, “आमची पुस्तिका येतीय.” मला बरं वाटायचं. विस्कटलेली शीर्षकं, तुटलेल्या याद्या, मधेच जाड झालेली अक्षरं नीट करणं एवढं माझ्याकडे होतं.

नवी आवृत्ती निघायच्या दिवशी सकाळी पहिलं पान उघडलं, तर वरपासून खालपर्यंत नुसतं काळं. सोबत पुस्तिकेच्या परदेशी संपादक मार्ताबाईंचा निरोप होता. पहिली ओळ बिघडली आहे, संध्याकाळपर्यंत काढून टाका, नाहीतर मराठी पुस्तिका यंदा वगळावी लागेल.

सरांनी पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, || श्री सिद्धेश्वर प्रसन्न |. या पुस्तिकेच्या नियमात दोन उभ्या रेघा म्हणजे ‘इथून मजकूर झाका’. पुन्हा दोन रेघा येईपर्यंत तो झाकलेलाच राहतो. शेवटी घाईत एकच रेघ पडली होती, म्हणून अख्खं पान काळं झालं.

“मागं आणखी एक रेघ देऊ की,” सर म्हणाले.

“मग नुसतं देवाचं नाव झाकलं जाईल. ते चालंल?”

“मग नियम बदलायला सांग त्यांना.”

“तुमच्या एका ओळीसाठी? अहो, काढून टाका ती. देव काय रागावणार हाय?”

रागावले की ते कन्नडमध्ये शिरतात. “ब्याड,” म्हणाले. म्हणजे नको. “वगळू दे पुस्तिका. बिनश्रीचं आपल्याकडं काय सुरू होतंय का?”

आणि गॅलरीत जाऊन पाठ करून बसले. मला असा संताप आला. उद्या बागेत काय सांगणार होता हा माणूस? पान माझ्यापुढे उघडंच होतं. ती ओळ गुपचूप पुसली तर हे चार दिवस फुगून बसतील, मग विसरतील. मी ओळ निवडली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

बोट काही दाबेना. ती ओळ न घालता आजवर मी एकही पत्रिका सोडली नव्हती. आणि तेव्हाच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रेसमध्ये मी असल्या रेघा कधी मारतच नाही. आपल्या लिपीचा दंड मराठी कळफलकावर असतो, तो देते. दिसायला तो रेघेसारखाच, पण पुस्तिकेच्या लेखी ते नुसतं एक अक्षर, त्यानं काही झाकलं जात नाही. सरांनी इंग्रजी कळफलकावरच्या रेघा ठोकल्या होत्या.

“अहो, हिकडं या. तुमाला दंड भरावा लागणार.”

“कसला? किती?”

“चार. दोन पुढं, दोन मागं.”

मी दंड दिले आणि पान जतन केलं. काळं गेलं आणि वर नीट दिसायला लागलं, ॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥. सर आधी माझ्याकडे बघत राहिले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी मार्ताबाईंचा होकार आला. पुस्तिका निघाली. पानाच्या तळाशी दोन नावं होती, भाषांतर शिवयोगी, दुरुस्ती चंद्रिका. आमची नावं अशी एकत्र छापून आली ती लग्नपत्रिकेनंतर आत्ताच.

सरांनी चष्मा चढवला, पडद्याला नाक लागेल इतके वाकले आणि माझ्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

“ऱ्हस्व हाय,” ते म्हणाले. “या वेळी मी नीट बघितलंय.”