दवंडी बंद केल्याची दवंडी

"साहेब, तुमच्या कचेरीनं आमचे कान कापले, आणि कापताना ओरडायलासुद्धा वेळ दिला नाही."

गौतमीनं अर्जाचं पहिलंच वाक्य असं ठोकलं. शेजारी बसलेले तिचे सासरे गेणबा म्हणाले, "लई तिखट झालं गं." पण खोडायला काही सांगितलं नाही.

जांबे गावात गेणबांच्या दहा खोल्या. हिंजवडीला कामाला जाणारी पोरं त्यात भाड्यानं राहतात. खोल्या दहा, पण पाणी एकाच विहिरीचं, आणि आजूबाजूची बारा घरंही तिच्यावरच. या बाजूनं मोठा रस्ता जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठून जाणार, ते कुणालाच नाही. आखणीची नोटीस निघाली की हरकतीला तीस दिवस. ते गेले की संपलं. म्हणून गेणबा दर सोमवारी एसटीनं तालुक्याच्या कचेरीत जाऊन नोटीस फलक बघून यायचे. काचेला कुलूप, आत कागदावर कागद चिकटवलेले. अख्खा दिवस मोडायचा.

ही पायपीट चार नंबरच्या खोलीतल्या निषादनं थांबवली. लातूरचा पोरगा, कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा. त्यानं आपला जुना कॉम्प्युटर गौतमीला दिला, इंटरनेट जोडलं आणि ब्राउझरमध्ये कचेरीची वेबसाइट उघडली. पत्त्याच्या पट्टीत एक नारिंगी चौकोन होता. तो दाबला, तर वरच्या बाजूला एक बटण येऊन बसलं.

"वहिनी, याला फीड म्हणतात. कचेरीनं नवी नोटीस टाकली की तिचं नाव आपोआप इथं येणार. साइट उघडायचीसुद्धा गरज नाही."

"म्हंजी आपल्या विश्रामची दवंडी," गेणबा म्हणाले.

"अगदी तीच, बाबा. फक्त हलगी नाही."

दोन वर्षं ती दवंडी चोख वाजली. सकाळी धार काढून झाली की गौतमी बटण दाबायची आणि कुंपणापलीकडून हाक यायची, "गौतमे, आज काय?" ग्रामसभेची तारीख, रेशनचं पत्रक, सगळं वस्तीला आधी कळायचं. बारावी झालेल्या सुनेचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला होता. गेणबांचा सोमवार सुटला.

२०१० च्या पावसाळ्यानंतर मात्र सगळ्यात वर एकच ओळ राहिली: 'वाळू लिलाव, फेरनिविदा.' दुसऱ्या दिवशी तीच. सहा आठवडे तीच.

"आज काय?" गेणबा विचारायचे.

"काय न्हाई, मामंजी. निवांत हाय."

दवंडी आली नाही म्हणजे गावात काही घडलं नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. दवंडीवालाच जिवंत आहे का, हे कोण बघायला जातंय?

मग एका बुधवारी दोघंजण टेप आणि रंगाचा डबा घेऊन आले आणि विहिरीच्या कठड्यावर तांबडी रेघ ओढली. गेणबा धावत गेले.

"हरकतीची मुदत गेली, बाबा. चाळीस दिवस झाले नोटिशीला. वेबसाइटवर होतं की!" त्यातला एकजण म्हणाला.

गौतमीची मान खाली गेली. सासू गोजराबाई दारातूनच कडाडली, "म्हस दूध देईना झाली तर आपण कास बघतो. तुझी पेटी दीड म्हयना गप, तरी तू निवांत?"

संध्याकाळी निषादनं शोध घेतला. कचेरीनं नवी वेबसाइट बांधली होती, नव्या पत्त्यावर. नोटीस तिथं होती, लुकलुकणाऱ्या 'नवीन' शब्दाखाली. जुनं फीड कुणी काढलंच नव्हतं. शेवटची ओळ छातीशी धरून ते तसंच उभं होतं.

"काढून टाकलं असतं तर ब्राउझरनं चूक तरी दाखवली असती," निषाद म्हणाला.

"मग नव्या साइटचा नारिंगी चौकोन दाबा."

निषादनं पट्टी पाहिली. चौकोन नव्हता. मागच्याच आठवड्यात त्यानं ब्राउझरची नवी आवृत्ती हौसेनं बसवून दिली होती. "यात काढलाय, वहिनी. म्हणतात, फार कुणी वापरत नाही."

"आमी वापरत होतो की!"

"ते मोजून ठरवतात."

"मग आमी मोजण्यातच न्हाई म्हणा."

निषाद ओशाळला. "पुढं असंच होणार. फीड जाणार. बातमी पाहिजे त्यानं खातं उघडून कुठल्या तरी कंपनीच्या अंगणात जाऊन बसायचं."

"म्हंजी पुन्हा सोमवार," गेणबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासरा-सून अर्ज घेऊन कचेरीत उभे. लिपिक म्हणाला, "फीडबीड आमच्याकडं नव्हतंच." गौतमीनं निषादनं काढून दिलेला जुन्या साइटचा छापील कागद टेबलावर ठेवला. 'नोटिसांसाठी आमचं फीड घ्या.' वर कचेरीचंच नाव.

"ते जुन्या कंत्राटदारानं केलं असेल. नव्याला कुणी सांगितलं नाही. तुमचा ब्राउझर तपासा."

साहेब आतून आले. "बाई, नोटीस रीतसर प्रसिद्ध झालीय. नियमात फीड नाही."

"नियमात नव्हतं तर दोन वर्षं वाजवलं कशाला?" गौतमीचा आवाज चढला. "आमच्या गावात विश्राम दवंडी द्यायचा. गुडघे गेले तेव्हा शेवटचा एकदा गावभर फिरला. सांगितलं, उद्यापासनं मी येणार न्हाई, चावडीवर बघत जावा. अंगठेबहाद्दर माणूस, पण एवढं त्याला कळत होतं. तुमच्या शिकलेल्या कचेरीत एकालाही कळलं नाही? 'हे फीड आजपासून बंद, नवा पत्ता हा.' एक ओळ! तेवढी असती तर आम्ही तीस दिवसांत हरकत घेतली असती. आता विहीर बुजवाल. बारा घरांनी आणि दहा खोल्यांनी प्यायचं काय?"

साहेबांनी लिपिकाकडं बघितलं. लिपिकानं पोच देऊन मोकळं व्हावं म्हणून शिक्का उचलला.

गौतमीनं अर्जावर हात पालथा ठेवला.

"शिक्का नको. ती एक ओळ का टाकली नाहीत? उत्तर द्या."