रस्त्यापलीकडची बैठक

लढाईमुळे इतुरीतून सरोवरापलीकडच्या देशात पळताना होडी कलंडली आणि लोत्सोवेचे दोन्ही मुलगे बुडाले. क्यांगवालीच्या निर्वासित वस्तीत आल्यापासून त्या दिवसाबद्दल तिने अवाक्षर काढलं नव्हतं. सुक्या मासळीचा वास आला तरी ती उठून जायची.

मग राजधानीतून डॉक्टर नामुबीरू आल्या. घरदार सोडून आलेल्यांच्या मनाचं दुखणं त्यांना अभ्यासायचं होतं. मी त्यांची दुभाषी, लोत्सोवेच्याच शेजारची.

"गेल्या पंधरवड्यात जगणं नकोसं वाटलं का?" मी विचारलं.

"पंधरवडाच का गं पोरी? त्याआधी मी काय नाचत होते?" लोत्सोवे म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. धाकट्याचा हात कसा सुटला, थोरला त्याच्यामागे कसा गेला, सगळं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्या गेल्यावर तिने कसाव्याच्या पिठाचा उकडलेला अख्खा गोळा संपवला. "पुन्हा कधी येणार बाई?" तिने मला विचारलं.

डॉक्टर आल्या, पण रस्त्यापलीकडे. चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं : पलीकडच्या बायकांची दर आठवड्याला बैठक, मन मोकळं करायला. आम्हा अलीकडच्यांना तूर्त काहीच नाही. शेवटी दोन्हीकडची तुलना, मग अलीकडच्यांची पाळी.

"रस्ता ओलांडायलाही आता कागद लागतात का?" असं म्हणत लोत्सोवे सरळ पलीकडे जाऊन बसली. तिची जाऊ धेवे तिकडचीच. बायकांनी सरकून जागा दिली. काही आठवड्यांत ती रात्रीची झोपायला लागली, धेवेशी मिठावरून भांडायलाही लागली.

एके दिवशी डॉक्टरांनी तिला ओळखलं.

"आई, तुम्हाला इथे नाही बसता येणार. अशाने बैठकीचा गुण कळणार कसा?"

मी सांगितलं. लोत्सोवे हसली. "मला आलाय की गुण! सांग त्यांना."

मी तेही सांगितलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. "तीच तर अडचण आहे."

"माझ्या जागी बसवा हिला, मी उठते," धेवे तावातावाने म्हणाली. तेही चालणार नव्हतं. लोत्सोवेने चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच रस्ता ओलांडून गेली.

अभ्यास संपल्यावर मोठ्या मंडपात निष्कर्ष वाचला गेला. पलीकडच्या बायका सावरल्या होत्या, अलीकडच्या आणखी खचल्या होत्या. फरक इतका ठळक की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं, निधी संपलाय. आमची पाळी आलीच नाही.

लोत्सोवे मंडपात नव्हती. मी घरी जाऊन तिला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, वळली नाही.

पुढच्या मोसमात दुसरं पथक आलं. त्यांना घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले. ती उंबऱ्यावर कसाव्याचे कंद सोलत होती, हाडं वर आलेली.

"मावशी, थोडे प्रश्न आहेत."

"सांग त्यांना, घरात कोणी नाही," माझ्याकडे बघत ती म्हणाली आणि सोलत राहिली.