तपासणीपुरती टीम

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावाबाहेरच्या त्या लहानशा कॉलेजच्या फाटकातून गाडी आत शिरली आणि मैदानावरचे ताजे पांढरे पट्टे दिसले, तेव्हाच मेधाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मैदान आखायला कोणाची हरकत नाही. पण गोलच्या खांबांचा रंगही ओला होता, आणि रंगारी डबा उचलून इमारतीमागे सटकत होता. शेजारी बसलेली नोरीन म्हणाली, "ग्रँड, इजन्ट इट?" नोरीन लीगची अध्यक्ष. तिला सगळंच ग्रँड, म्हणजे झकास, वाटायचं, म्हणून तर अशा भेटींना तिच्याबरोबर मेधा लागायची.

मेधा मूळची पुण्याची, लिमरिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. मुलगी कॉलेजात फुटबॉल खेळायची तेव्हा ती या मुलींच्या कॉलेज लीगच्या कामात ओढली गेली. मुलगी नोकरीला लागली, आई मात्र समितीत अडकली ती अडकलीच. आता लीगमध्ये एका संघाची जागा रिकामी होती आणि ती या कॉलेजला हवी होती. ती रिकामी झाली त्याला एका परीने मेधाच कारण होती. तिने ज्या कॉलेजची जोरदार शिफारस केली होती, त्यांनी ऐन हंगामात संघ गुंडाळला आणि ती तोंडघशी पडली. समितीत कोणी एका शब्दाने बोललं नाही. न बोलणं हीच इथली बोलायची पद्धत असते, हे एवढ्या वर्षांत तिला कळलं होतं. तेव्हा यंदा डोळ्यांत तेल घालून बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

दारातच सारंग उभा होता. हा इथे कॉम्प्युटर शिकवायचा आणि संघाचं प्रशिक्षण हौसेने करायचा. नागपूरचा.

"या मेधाताई. घरून साबुदाण्याची खिचडी आणली आहे. आधी दोन घास खाऊन घ्या."

ताई? ईमेलमध्ये तर मिसेस होते, मेधाच्या मनात आलं. परदेशात मराठी माणूस पहिल्याच मिनिटाला ताई म्हणाला की त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, असं तिचं ठाम मत होतं. "थँक यू, लेट्स सी द मॅच फर्स्ट," ती इंग्रजीत म्हणाली. नोरीनने खिचडीच्या दोन बशा संपवल्या.

सारंगला काय हवं होतं ते त्याने लपवलं नाही. लीगने घेतलं, तर कॉलेज कायमचं मैदान आणि बस देणार होतं. नाही घेतलं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर संघ बंद. "पोरींनी फार मेहनत केली आहे हो," तो म्हणाला. पोरींचं नाव पुढे करतोय, मेधाने मनात नोंद केली.

लीगची मुख्य अट साधी होती. सोळा जणींचा संघ, आणि सोळाही जणी त्याच कॉलेजच्या. मेधाने मुली मोजल्या, सोळा भरल्या. शेजारच्या कॉलेजचा संघ सामना खेळायला आला होता. पहिल्या अर्ध्या तासातच यांनी त्यांना तीन गोल मारले. पास असे अचूक जात होते की नोरीन टाळ्या वाजवून थकली. मेधाचं समाधान होईना. ज्या संघाला आजवर हक्काचं मैदान नाही, बस नाही, तो असा खेळतो कसा? कुठेतरी पाणी मुरत होतं. सारंगकडे बघावं तर हा माणूस गोल झाल्यावर हसायचंही विसरत होता. त्याची नजर राहून राहून कँटीनच्या काचांकडे जात होती.

मध्यंतर झालं. सहा नंबरची मुलगी घाम पुसत थेट मेधापाशी आली आणि अदबीने विचारू लागली, "सॉरी, यू वुडन्ट नो व्हेअर द टॉयलेट्स आर?"

मेधा तिच्याकडे बघतच राहिली. कॉलेजची विद्यार्थिनी पाहुण्याला विचारते, तुमच्या मते आमचं टॉयलेट कुठे असेल? "तू कुठल्या वर्षाला आहेस?" तिने विचारलं. मुलीने सारंगकडे पाहिलं. सारंगने बुटांकडे पाहिलं.

दुसरं कोणी असतं तर इथेच थांबलं असतं. उसन्या मुली सापडल्या, अट मोडली, चला घरी. पण मेधाची शाळा महाराष्ट्रातली होती. तिथे तपासणी असली की भिंतींना चुना लागायचा, शेजारच्या तुकडीतली हुशार मुलं आणून पुढच्या बाकांवर बसवायची, आणि ज्यांना पाढे येत नसत त्यांना आदल्या दिवशी हळूच सांगायचं, उद्या येऊ नका. म्हणजे इथे कोणाला तरी आणून बसवलं असेल, तर कोणाला तरी उठवलंही असणार. ती तरातरा कँटीनकडे निघाली.

काचेला नाक लावून सहा मुली बसल्या होत्या. सहाही जणींच्या पायांत संघाचे लांब निळे मोजे. एक चांगली जाडजूड, एकीच्या गुडघ्याला पट्टा, एक इतकी बुटकी की खुर्चीवर उभी राहून बघत होती. आणि एक मराठी चेहऱ्याची, चष्मा लावलेली.

"तुझं नाव काय गं?" मेधाने मराठीत विचारलं.

"कौमुदी." पुढचं सगळं तिने अस्सल आयरिश इंग्रजीत सांगितलं. ती याच कॉलेजची. दोन वर्षं गोलकीपर. आज तिने बसायचं असं ठरलं होतं. "कोचने सांगितलं?" मेधाने विचारलं. "मी डॅड," ती म्हणाली. म्हणजे 'माय डॅड', माझे बाबा.

मेधाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच मैदानावर आली आणि तिने नोरीनला सगळं सांगून टाकलं. नोरीनचा चेहरा ताठरला. "उसने खेळाडू? मग विषय संपला," म्हणून तिने गाडीची किल्ली काढली. इतका वेळ ग्रँड म्हणणारी बाई नियमापाशी आली की अशी दगड होते, हे मेधाने कधी पाहिलं नव्हतं.

"सारंग," ती आता मराठीत बोलली, "स्वतःच्या मुलीला काचेमागे बसवलंत?"

"पाहुणे आले की फाटकी चादर आपण खालीच घालतो ना, मेधाताई?" तो म्हणाला. "कौमुदीच्या हातून बॉल सुटतात. तिच्यामुळे नापास झालो असतो, तर तिने स्वतःला माफ केलं नसतं."

"आणि आता कोणामुळे झालात?"

मेधाला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला. पण संघ बंद पडला तर शिक्षा कोणाला? ज्यांना आधीच एकदा उठवलं होतं, त्यांनाच पुन्हा. तिने नोरीनचा हात धरला आणि दुसरा अर्धा भाग बघायची विनंती केली, यांच्या खऱ्या मुली घेऊन. ज्या बाईला नोरीनला आवरायला आणलं जायचं, ती आज नोरीनची मनधरणी करत होती.

दुसरा अर्धा भाग बघवत नव्हता. बुटकीला बॉल मिळेना, जाडीला धाप लागली, कौमुदीच्या हातून बॉल सुटून चार गोल झाले. पण चौथ्या गोलनंतरही तिने बॉल जाळ्यातून काढून हसत मध्ये फेकला, आणि मैदान सोडून कोणीही गेली नाही. मेधाने समितीवर आल्यापासून असे संघ फार कमी पाहिले होते.

सामना संपल्यावर तिने नोरीनशी बोलून सारंगला सांगितलं, "मुलींना घेऊ. तुम्हाला नाही. दुसरा कोच शोधा."

सारंगने मान डोलावली. चिखलाने भरलेली कौमुदी मात्र दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत बोलली. शब्द शोधत, अडखळत.

"बाबा माझ्याशी वाईट वागले. ते मी घरी बघते. तुम्ही टीमचं बघा. बाबा टीममध्ये आहेत."

ती काय म्हणाली, असं नोरीनने विचारलं. मेधाने जसंच्या तसं सांगितलं. नोरीनने किल्ली परत खिशात टाकली.

मेधा सारंगकडे वळली. "तुम्हीच कोच राहा. पण पहिल्या सामन्यात या सहाही जणी सुरुवातीपासून खेळतील. ही अट."

"हरू हो आम्ही," तो मुलीकडे बघत म्हणाला.

"हरा," मेधा म्हणाली. "पण लपवू नका."