वर्ना बसली

वर्नाने पिशवी उलटी केली आणि डॉक्टर लिंडग्रेनच्या टेबलावर ढीगच पडला. बुरशीवरची क्रीमं, सुगंधी वाइप्स, बधिर करणारं जेल, अगदी गोठ्यातलं गायींच्या सडांना लावायचं मलमसुद्धा. दोन वर्षं दोन्ही जांघांच्या मधोमध नुसती खाज आणि आग, कातडी पांढरीफटक पडलेली. वर्नाच्या आईला कॅन्सर तिथेच झाला होता आणि तिने तो मरेपर्यंत लपवला होता.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"कॅन्सर नाही. कातडीचा आजार आहे, लायकेन स्क्लेरोसस. आटोक्यात राहतो. फक्त अधूनमधून दाखवून जायचं."

वर्नाला रडूच कोसळलं. डॉक्टर शांतपणे एकेक वस्तू कचऱ्यात टाकू लागल्या. ढिगाच्या तळाशी एक ट्यूब निघाली, सीलसुद्धा न फोडलेली.

"अहो, हेच तर औषध! आधीच्या डॉक्टरांनी दिलेलं. लावलं का नाही?"

"आतल्या कागदावर लिहिलंय ना, गुप्तांगाला लावू नये म्हणून."

"तो कागद सगळ्या जगासाठी छापतात. तुम्हाला मी सांगतेय, रोज रात्री वाटाण्याएवढं लावा. एरवी साधं व्हॅसलीन. बाकी काही नको."

"म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा!" वर्ना रडतारडता हसली.

दोन वर्षं दर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी वाढायचं काम तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. "हिच्या पायाला भिंगरीच आहे," बाया कौतुकाने म्हणायच्या. तिला बसवतच नव्हतं, हे कुणाला ठाऊक?

तीन महिन्यांनी एका रविवारी वर्नाने किटली खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"अगं बाई! बरं नाही का तुला?" टेबलावरच्या बायांमधली मार्लिस ओरडली.

"झकास आहे मी," वर्ना म्हणाली आणि केकचा तुकडा उचलला.

"बस तू, कॉफी मी वाढते." दुसरी मैत्रीण आर्डिस किटली उचलून लगबगीने पुढे आली. तिच्या मागची खुर्ची रिकामीच होती. वर्नाला आठवलं, मागच्या रविवारीही आर्डिस उभ्यानेच केक कापत होती, त्याच्या आधीच्या रविवारीही.

वर्ना उठली. तिने आर्डिसच्या हातातून किटली हळूच काढून घेतली.

"चल, भांडी घासू. जरा बोलायचंय."

"कशाबद्दल गं?"

"चल तर. उभ्यानेच बोलू."