दार उघडेल तो

सर्वेक्षणाचा नियम साधा होता: घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला, त्यालाच प्रश्न विचारायचे. देशात किती लोकांना नैराश्य आहे हे मोजायचं, तर दिसेल त्याला धरून कसं चालेल? पण असलं शहाणपण पंख्याखाली बसून सुचतं. चार जिने चढून गेलं की वाढदिवसवाला एक तर कामावर, नाहीतर झोपलेला. मग घरोघर फिरून प्रश्न विचारणारी ताई दार उघडेल त्यालाच विचारायची आणि वाढदिवस त्याचाच होता असं मानून मोकळी व्हायची. तिचं काम सगळ्यांच्या आधी उरकायचं.

नव्या मुलींनाही ती हेच शिकवायची, "झोपलेल्यांना उठवत बसू नका गं. दार उघडेल तो आपला."

आता दार उघडणारी माणसं बहुतेक धडधाकटच असायची. पाणी विचारायची, हसायची. "उदास? छे हो, वेळ कुठंय!" देश मोठा आनंदात दिसत होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ताईचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. हिवाळ्यापासून त्यानं कामावर जाणं सोडलं होतं. कुणी चौकशी केली की आई म्हणायची, "झोपलाय." ताईही तेच म्हणायची. दमला असेल, उठेल आपला आपण, असं दोघींनी ठरवूनच टाकलं होतं.

एका दुपारी कचेरीत चहा घेताना नवी मुलगी म्हणाली, "अहो ताई, परवा यादीत तुमचंच घर निघालं! तुमच्या आई किती गोड बोलतात. खरं तर नंबर तुमच्या भावाचा होता, पण ते झोपलेले. मग आईंनाच विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं."

ताईनं चहा अर्धाच ठेवला. ती तशीच घरी आली.

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती पलंगाच्या कडेला टेकली. शेकडो दारांत विचारलेला प्रश्न तिच्या तोंडून अडखळत निघाला, "गेल्या दोन आठवड्यांत, कशातच मन लागत नाही, असं किती वेळा वाटलं रे?"

तो वळला. "परवा ती मुलगी हेच विचारत होती. आई म्हणाली, आमच्याकडे सगळे मजेत."

"तू जागा होतास?"

"उठून शर्ट घालत होतो. ती म्हणाली ना, उत्तरं कुणाची ते कुणाला कळणार नाही म्हणून. म्हटलं, हिला सांगून टाकू एकदाचं. बटणं लावेपर्यंत ती गेली."

"मग मला सांग ना. माझंही तेच काम आहे."

"तुला कसं सांगू, ताई? तू रडशील. मग तुझी समजूत काढायला मलाच उठावं लागेल. ती नुसती लिहून घेऊन गेली असती."

ताईनं घाईघाईनं डोळे पुसले, पण त्यानं ते पाहिलं होतं.